उपासाचें ताट

गेल्या अंकांत आम्हीं सकाळच्या न्याहारीविषयीं लिहिलें होतें. तें वाचून एका भगिनींनीं विचारलें आहे, "बिस्किटांऐवजीं लाह्यांचा चिवडा आणि पावाऐवजीं मुगाचें धिरडें, हें आमच्या घरीं सर्वांस पटलें. परंतु हें झालें रोजच्या दिवसांचें. उपासाच्या दिवशीं काय करावें? त्या दिवशीं साबूदाण्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि आमच्या घरीं आठवड्यास दोन उपास तर ठरलेलेच."

हा प्रश्न वाचून आम्ही थोडे ओशाळलों. गेलें वर्षभर हाच प्रश्न आमच्या स्वतःच्या माजघरांत ठाण देऊन बसला होता, आणि त्याविषयीं येथें लिहावें कीं न लिहावें, याचा निर्णय आमच्यानें होत नव्हता. एक तर ती घरची गोष्ट. दुसरें असें कीं, तींतला अपराध पुष्कळसा आमच्याच पदरीं येतो. धाकट्या सूनबाईंस विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "लिहा बाबा, माझें नांव तेवढें घालूं नका." तेव्हां नांव न घालतां लिहितों.

आमच्या घरीं पानें मांडलीं म्हणजे अकरा होतात. एकादशी सर्वांचीच. संकष्टी घरांतल्या बायकांची. सोमवार आमचा आणि थोरल्या चिरंजीवांचा. धाकट्या सूनबाई माहेराहून गुरुवार घेऊन आल्या, आणि येथें आल्यावर त्यांनीं आपण होऊन सोमवारहि धरला. म्हणजे महिन्याकाठीं त्यांचे दहा-अकरा दिवस उपासाचे. त्या बँकेंत नोकरी करतात. सकाळीं साडेआठला घर सोडावें लागतें. त्यामुळें उपासाच्या दिवशीं त्यांचा क्रम असा असे: निघतांना साबूदाण्याची खिचडी, दुपारच्या डब्यांत तीच खिचडी, मधून मधून चहा, आणि संध्याकाळीं परत आल्यावर बटाट्याचा तळलेला कीस. रात्रीं उपास सोडावयाच्या वेळीं भूक मेलेली असे. दोन घांस खाऊन त्या उठत.

आतां ही खिचडीच घरांत इतकी कां शिजे? आम्हांस आवडते म्हणून. सांगावयास संकोच वाटतो, पण दाणा मोकळा, तुपांत न्हालेला, तळाशीं किंचित् खरपूस झालेला आणि वर लिंबू पिळलेलें, अशी खिचडी समोर आली कीं आमचें वय पन्नास वर्षांनीं कमी होतें. घरांत कोणी एकदां वरीच्या तांदुळांचा विषय काढला होता, तर आम्हींच "आजारी माणसाचें खाणें तें" असें म्हणून तो हाणून पाडला होता. कुटुंबांत वडील माणसाची आवड ही हळूहळू घरची रीत होऊन बसते आणि मग तिच्याविषयीं कोणी कांहीं विचारीनासें होतें, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

गेल्या वर्षीं आषाढांत सूनबाईंस जिना चढतांना दम लागूं लागला. केंस गळत होते, पण तें पाणी बदलल्यामुळें असेल असें घरांतल्या सर्वांनीं परस्पर ठरवून टाकलें होतें. एका गुरुवारीं संध्याकाळीं त्या जिन्याच्या मधल्या पायरीवरच मटकन् बसल्या. खांद्यावरची पिशवी घरंगळत खालीं आली, तिच्या आवाजानें आम्ही बाहेर धांवलों. दुसऱ्या दिवशीं रक्त तपासलें, तर हिमोग्लोबिन ८.४. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तांत तें दर डेसिलिटरला निदान १२ ग्रॅम असावें लागतें. डॉक्टर म्हणाले, यांत नवल कांहीं नाहीं. देशाच्या २०१९ ते २१ च्या कुटुंब-आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं सत्तावन्न रक्तक्षयी आढळल्या होत्या. आम्हीं तो आंकडा ऐकून मान डोलावली. दुसऱ्याच्या घरचा आंकडा असता तर त्यावर आम्हीं याच सदरांत एक सुरेख लेख लिहिला असता. हा जिन्यांत बसला होता, म्हणून लेखणी उचलवेना.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्यानें पुन्हां तपासलें, तर ८.६. डॉक्टर जरा विचारांत पडले. "गोळी रोज घेतां ना?" असें त्यांनीं विचारलें. सूनबाई खालीं पाहूं लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "उपासाच्या दिवशीं नाहीं घेत. आणि इतर दिवशीं सकाळच्या चहाबरोबर घेतें." गोळीनें उपास मोडतो असें त्यांस स्पष्ट शब्दांत कोणीं सांगितलें नव्हतें, परंतु आमच्या सौभाग्यवती उपासाच्या दिवशीं डोकें कितीहि दुखलें तरी औषध घेत नाहींत, हें त्या आठ वर्षें पाहत होत्या. पाहून शिकलेलें सांगून शिकविलेल्यापेक्षां पक्कें असतें.

घरीं आल्यावर हा विषय निघाला. सौभाग्यवती म्हणाल्या, "मग मी काय चुकीचें केलें? व्रत म्हटलें कीं व्रत." त्यांस व्रत सोडा असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं आणि तशी इच्छाहि नाहीं. आम्हीं फळीवरून उद्योगपर्व काढलें. विदुर धृतराष्ट्रास उपदेश करतो, तेथें व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचें वचन, आणि आठवें औषध. श्लोकाचा अर्थ आम्हीं बोट ठेवून वाचून दाखविला. सौभाग्यवतींनीं तो शांतपणें ऐकला आणि विचारलें, "हें तुम्हांला केव्हांपासून ठाऊक आहे?"

आम्हीं म्हटलें, "शिकविण्यांतच जन्म गेला."

"मग घरीं कां नाहीं सांगितलेंत?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. वर्गांत मुलांकडून जें पाठ करून घेतलें, तें स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणावें असें आम्हांस कधीं सुचलेंच नाहीं. त्या दिवसापासून गोळी उपासाच्या दिवशींहि सुरू झाली; मात्र ती चहाबरोबर नव्हे. चहांतील द्रव्यें लोह बांधून ठेवतात आणि तें अंगीं लागूं देत नाहींत. लिंबू, आवळा, पेरू यांतील आंबट सत्त्व उलट तें अंगीं लागण्यास साह्य करतें. जेवणाच्या आणि गोळीच्या आगेंमागें तासभर चहा नको, इतकी ही साधी गोष्ट आहे.

गोळीचा प्रश्न सुटला, ताटाचा राहिला. तेव्हां साबूदाणा म्हणजे मुळांत काय, याचा आम्हीं शोध घेतला. नांव मलायी भाषेंतील 'सागू' या शब्दावरून आलेलें. सागू हा तिकडचा ताडाच्या जातीचा वृक्ष. त्याच्या बुंध्यांतील गर धुऊन जें सत्त्व निघतें, त्याचे दाणे तो मूळचा साबूदाणा. आपण खातों तो मात्र टॅपिओकाच्या कंदाचा. हें झुडूप मूळचें दक्षिण अमेरिकेचें. पोर्तुगीजांबरोबर तें इकडे आलें, आणि त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाल (राज्यकाल १८८० ते १८८५) यांनीं आपल्या राज्यांत त्याच्या लागवडीस उत्तेजन दिलें. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत समुद्रापलीकडचा माल येईनासा झाला, तेव्हां तामिळनाडूंत सेलमच्या बाजूस या कंदापासून साबूदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. कंद सोलतात, वाटतात, पाण्यांत कालवून गाळतात, चोथा बाजूस काढतात आणि तळाशीं बसलेल्या पांढऱ्या सत्त्वाचे हालवून हालवून दाणे वळतात. मग ते भाजून किंवा वाफवून उन्हांत वाळवितात. एवढ्या धुण्यागाळण्यांतून शेवटीं उरतें तें केवळ पीठ. शंभर ग्रॅम कोरड्या साबूदाण्यांत उष्णांक सुमारें ३५० आणि प्रथिनें अर्ध्या ग्रॅमहूनहि कमी. तितक्याच शेंगदाण्यांत प्रथिनें चोवीस-पंचवीस ग्रॅम. म्हणजे खिचडींत जी कांहीं पुष्टि आहे ती दाण्याच्या कुटाची आहे. आणि ज्या कोणा शहाण्या बाईनें प्रथम साबूदाण्यांत दाण्याचें कूट घातलें, तिचे उपकार मोठे आहेत. साबूदाणा विष नव्हे. तापांतून उठलेल्यास त्याची पेज चालते, दमलेल्यास तो चटकन् उभारी देतो. परंतु महिन्यांतून दहा दिवस, दोन्ही वेळां, त्याच्यावरच एका कामकरी स्त्रीनें राहावें, एवढें त्याचें सामर्थ्य नाहीं.

येथें सौभाग्यवतींनीं शंका काढली कीं, पूर्वापार चालत आलेलें कसें सोडावें? वास्तविक हें पूर्वापार नव्हे. मिरची, बटाटा, रताळें, शेंगदाणा, साबूदाण्याचा कंद, हे सर्व अमेरिका खंडांतले. १४९८ मध्यें वास्को द गामा कालिकतास उतरला, त्याच्या आधीं यांपैकीं एकहि पदार्थ आपल्या कोणा पूर्वजानें एकादशीस पाहिलेला नव्हता. टोमॅटोहि त्याच वाटेनें आला, पण त्यास मात्र उपासाच्या पंक्तींत बसूं दिलें नाहीं. कां, तें आम्हांस अद्याप कोणीं समजावून दिलेलें नाहीं. उलट धर्मग्रंथांत हविष्यान्न म्हणून जीं धान्यें येतात तीं निवार, कांग, जव, तीळ, मूग अशीं आहेत. कण्वाच्या आश्रमांत झाडांखालीं पोपटांच्या ढोलींतून सांडलेले निवाराचे दाणे कालिदासानें दाखविले आहेत, आणि शकुंतलेनें हरणाचें पाडस वाढविलें तें श्यामाकाच्या मुठी भरवून. श्यामाक म्हणजे आपला सावा. वरी त्याची चुलत बहीण, आणि बाजारांत या दोघांसहि 'भगर' हेंच नांव आहे. तेव्हां ज्या धान्यास आम्हीं 'आजारी माणसाचें खाणें' म्हटलें होतें, तें साक्षात् तपोवनांतलें निघालें!

राजगिऱ्याचें कुळ असें सांगतां येत नाहीं. तोहि अमेरिकेकडचाच. मेक्सिकोंतील जुने लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून पूजेस वापरीत, म्हणून स्पॅनिश राज्यकर्त्यांनीं त्यावर रोष धरला होता. परंतु गुणांत तो पहिल्या पंक्तीचा. शंभर ग्रॅम राजगिऱ्यांत प्रथिनें तेरा-चौदा ग्रॅम, लोह आठ मिलिग्रॅमच्या आसपास, शिवाय चुनाहि बराच. वरी-साव्यांत प्रथिनें सहा ते दहा ग्रॅम. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां ज्वारी-बाजरीबरोबर वरी-साव्याचाहि पुष्कळ बोलबाला झाला. आमच्या घरीं तो पोहोंचावयास दोन वर्षें लागलीं.

एवढी सिद्धता झाल्यावर, पुढच्याच सोमवारीं खिचडी बंद, वरी सुरू, असें आम्हीं जाहीर केलें. थोरल्या सूनबाईंनीं वरी शिजविली. पाणी जास्त झालें, ढवळणेंहि जास्त झालें, आणि ताटांत जो पांढरा गोळा आला तो पाहून नातू म्हणाला, "आजोबा, ही पतंग चिकटवायची खळ आहे का?" थोरले चिरंजीव कांहीं न बोलतां केळें खाऊन कामास गेले. धाकट्या सूनबाईंनीं डबा नेला खरा, पण तो तसाच परत आला. आम्हींहि दोन घांस गिळून ताकावर भागविलें. रात्रीं सौभाग्यवती म्हणाल्या, "पुस्तकांत बरें दिसतें म्हणून पोटांत जातें असें नाहीं."

खरें पाहतां चूक आमची होती. काय चांगलें हें आम्हीं सर्वांस सांगितलें. पण खिचडींत तुम्हांस काय आवडतें, हें कोणासहि विचारलें नव्हतें. मग विचारलें. नातवास कुरकुरीत हवें असतें. थोरल्या चिरंजीवांस पोट भरल्याची जाणीव हवी. सौभाग्यवतींस दाणे, मिरची आणि लिंबू यांची मिळून जी चव येते ती हवी. खालीं साबूदाणा असो वा दुसरें कांहीं, त्यांस सारखेंच. धाकट्या सूनबाईंस दुपारीं गार झाल्यावरहि घशाखालीं उतरेल असें कांहीं हवें होतें. आणि गार खिचडी त्यांस मुळींच आवडत नव्हती, हें त्यांनीं आठ वर्षांत प्रथमच सांगितलें. म्हणजे एका खिचडीकडून चार माणसें चार निरनिराळ्या गोष्टी मागत होतीं. आवडता पदार्थ काढून घ्यावयाचा तर त्यांतली आवड कोणती, हें आधीं ओळखून तेवढी तरी परत दिली पाहिजे. नाहीं तर माणूस दोन दिवस ऐकतो आणि तिसऱ्या दिवशीं डबा भरलेला परत येतो.

त्यानंतर प्रयोग चालले, ते सर्व सुनांच्या आणि सौभाग्यवतींच्या हातचे. आम्हीं केवळ चाखलें. वरी मोकळी होण्याची युक्ति अशी निघाली: ती स्वच्छ धुवून चाळणींत तासभर निथळत ठेवावी. मग चमचाभर तुपावर मंद आंचेवर दाणा पांढरा होऊन खमंग वास सुटेपर्यंत भाजावी. एका वाटीस अडीच वाट्या उकळतें पाणी घालावें, मीठ घालावें, झांकण ठेवावें आणि ढवळण्याचा मोह आवरावा. पाणी आटलें कीं आंच बंद करून दहा मिनिटें तशीच ठेवावी, आणि मग परातींत पसरून पूर्ण गार होऊं द्यावी. ही गार झालेली वरी हातानें मोकळी करून, पुढें अगदीं साबूदाण्याप्रमाणेंच तूप, जिरें, हिरवी मिरची यांच्या फोडणींत परतावी. दाण्याचें कूट हात राखून घालूं नये. वाटीभर वरीस पाऊण वाटी कूट तरी असावें. वर लिंबू. ज्या घरीं कोथिंबीर चालते त्यांनीं ती घालावी. हा वाद आमच्या घरीं अद्याप मिटलेला नाहीं. थोरल्या सूनबाईंच्या माहेरीं चालते, आमच्याकडे चालत नाहीं, म्हणून एका कोपऱ्यांत थोडी निराळी परतली जाते.

नातवासाठीं राजगिऱ्याचें थालिपीठ. नुसत्या राजगिऱ्याच्या पिठास चिकटपणा नसतो, थापतांना तें फुटतें. म्हणून दोन वाट्या पिठांत एक उकडलेलें रताळें कुसकरून घालावें, काकडीचा कीस, दाण्याचें कूट, मिरची, जिरें, मीठ आणि मूठभर भिजलेला साबूदाणा घालावा. होय, साबूदाणा. तव्यावर तोच फुलून कुरकुरतो, आणि मुठीनें घेतला तर त्याच्याशीं आमचें कांहींच भांडण नाहीं. काकडीच्या पाण्यांतच पीठ भिजतें, वेगळें पाणी फार लागत नाहीं. केळीच्या पानावर किंवा ओल्या फडक्यावर थापून, मधें भोंक पाडून, कडेनें तूप सोडावें. पहिली बाजू झांकण ठेवून आणि दुसरी उघडी भाजावी. उलटल्यावर झांकण ठेवलें कीं वाफेनें थालिपीठ मऊ पडतें आणि नातू तें ओळखतो. साबूदाण्याच्या वड्याची आठवण यानें पूर्णपणें पुसली जाते असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तीन थालिपिठें खाल्ल्यावर त्यानें वड्याचें नांव काढलें नाहीं, एवढें खरें.

हेंच थालिपीठ जरा जाड थापलें कीं धाकट्या सूनबाईंच्या डब्यास उत्तम. तें गारहि लागतें, सोबत दही, आणि एक पेरू किंवा संत्रें. थोरल्या चिरंजीवांस वरीचा मऊ भात आणि वर आमसुलाची दाण्याची आमटी. ती आमटी वाटीवाटीनें पितांना त्यांनीं गेल्या एकादशीस थोरल्या सूनबाईंच्या पाककौशल्याची जाहीर स्तुति केली, असा प्रसंग आमच्या स्मरणांत पूर्वी घडलेला नाहीं. संध्याकाळच्या तळलेल्या किसाऐवजीं निखाऱ्यावर किंवा तव्यावर झांकून भाजलेलें रताळें, मीठ-मिरपूड लावून; आणि भाजलेले शेंगदाणे. मखाणे तुपावर भाजून फार छान लागतात, परंतु त्यांचा भाव आणि आमचीं अकरा पानें यांचा मेळ बसत नाहीं. दुपारच्या चहाच्या जागीं ताक किंवा कोकमाचें सरबत. सकाळचा चहा मात्र आम्हांपैकीं कोणासहि सोडवलेला नाहीं. तो जेवणापासून दूर ढकलला, इतकेंच.

आतां सावधगिरीच्या दोन गोष्टी, कारण उत्साहाच्या भरांत त्या राहून जातात. भगरीस बुरशी फार लौकर धरते आणि ती डोळ्यांस दिसतेच असें नाहीं. महाशिवरात्र, नवरात्र, एकादशी अशा दिवसांत भगर किंवा तिचें पीठ खाऊन पुष्कळ लोकांस एकदमच विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रांत अनेकदां घडल्या आहेत, आणि अन्न व औषध प्रशासनानें त्यावरून लोकांस सूचनाहि दिल्या आहेत. सुटी भगर आणूं नये. बंद पुडींतली, तारीख पाहून, महिन्यापुरतीच आणावी. ती निवडून कोरड्या डब्यांत घट्ट झांकून ठेवावी. पीठ तयार आणण्यापेक्षां लागेल तेवढेंच घरीं दळावें. कडू किंवा कुबट लागल्यास देवाचा प्रसाद असला तरी टाकून द्यावी.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. आमचे थोरले बंधु कांहीं दिवस राहावयास आले होते. वरी साबूदाण्यापेक्षां बरी, हें ऐकून त्यांनीं ती ताट भरून तीनदां घेतली, वर राजगिऱ्याचे गुळांतले चार लाडू खाल्ले आणि रात्रीं साखर मोजल्यावर आमच्यावर रागावले. वरी झाली तरी तिचा मोठा भाग पिष्टच आहे. राजगिऱ्याच्या लाह्या फुलून हलक्या होतात, तशी त्यांची साखरहि रक्तांत वेगानें चढते. मधुमेह्यानें लाह्यांपेक्षां पिठाची भाकरी दह्याबरोबर, तीहि मापांत घ्यावी. गूळ हा साखरेचाच सख्खा भाऊ आहे. त्यांत लोह असतें म्हणून त्याचें फार गुणगान होतें, पण रक्त वाढविण्याजोगें लोह मिळण्यासाठीं जितका गूळ खावा लागेल, तितका खाणें कोणाच्याहि हिताचें नाहीं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीं तर उपास धरावा कीं नाहीं हेंच आधीं आपल्या डॉक्टरांस विचारावें.

सूनबाईंचें रक्त चार महिन्यांनीं ११.३ वर आलें. याचें श्रेय थालिपिठांस देऊन टाकण्याचा आम्हांस मोह झाला होता. डॉक्टरांनीं तो तेथेंच मोडला. ते म्हणाले, इतक्या खालीं गेलेलें रक्त केवळ अन्नानें इतक्या लौकर वर येत नाहीं, तें काम गोळ्यांचें; अन्नाचें काम तें पुन्हां खालीं न जाऊं देण्याचें. अजून कांहीं महिने गोळ्या चालूच ठेवावयाच्या आहेत. उपासांपैकीं सोमवार सूनबाईंनीं आपण होऊन सोडला, गुरुवार ठेवला. त्याविषयीं घरांत कोणीं शब्द काढला नाहीं. दुसऱ्या सोमवारीं सौभाग्यवतींनीं त्यांच्या पानावर सर्वांआधीं वरण-भात वाढला, यावरून आम्ही काय तें समजलों.

साबूदाण्याची खिचडी घरांतून हद्दपार झालेली नाहीं. आषाढी आणि महाशिवरात्र या दोन दिवशीं ती होते, पूर्वीसारखीच, तळाशीं खरपूस झालेली. आणि तो खरपूस भाग आमच्या वांट्यास येतो. विदुराच्या आठ गोष्टी आतां नातवासहि पाठ झाल्या आहेत, आणि त्यांतल्या शेवटच्या गोष्टीवरून सूनबाईंच्या गोळीस आमच्या घरीं 'आठवें' असें नांव पडलें आहे. परवांच्या गुरुवारीं सूनबाई घाईनें डबा घेऊन दारापर्यंत गेल्या होत्या. सौभाग्यवती देवापुढें बसल्या होत्या, पोथी निम्मी झाली होती. त्यांनीं पानांत बोट ठेवून तेथूनच हांक मारली, "अगं, थांब! तुझें आठवें राहिलें!"